पिल्लाला रंकाळ्यावर फिरवताना

लसींचा कोर्स पुरा होईपर्यंत मी कुत्र्याच्या पिल्लाला कोल्हापुरातल्या रंकाळा तळ्यावर खाली सोडलं नाही. पार्व्हो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि काठावर भटक्या कुत्र्यांची ये-जा कायमची. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, शेवटचा सोळा आठवडे झाल्यावर. रेबीजची तीन महिन्यांनंतर. तळ्याकाठी फिरवणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसची लस डॉक्टरांकडे मुद्दाम मागा. उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो रोग येतो, आणि सुरुवातीला दोन डोस लागतात. तोवर पिल्लाला कडेवर घेऊन चौपाटीवर उभं राहायचो. गाड्या, भेळवाले, पोरांचा दंगा या वयात पाहिलेला बरा. घरात कोंडलेलं पिल्लू पुढं प्रत्येक सायकलवर भुंकतं.

दोरी दीड ते दोन मीटरची, साधी नायलॉनची. ओढली की लांबत जाणारी दोरी संध्याकाळच्या गर्दीत लोकांच्या पायात जाते, ती नकोच. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. त्याहून सैल असला तर घाबरलेलं पिल्लू मागं सरकून डोकं सोडवून घेतं. ते ओढायला लागलं की मी थांबतो, दोरी सैल झाली की चालतो. सुरुवातीला यात चौपाटीसुद्धा पुरी होत नाही, पण झटके देऊन काही साधत नाही. भटकी कुत्री अंगावर आली तर पिल्लाला उचलू नये, ती उड्या मारतात. दोरी न ताणता तिरकं वळून त्यांच्या हद्दीबाहेर पडावं.

खरी भीती पाण्याची. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर निळं-हिरवं शेवाळ माजतं, आणि वारा ज्या काठाकडे असेल तिथं रंग ओतल्यासारखी साय धरते. त्यातल्या काही जातींचं विष यकृतावर, काहींचं मज्जासंस्थेवर जातं. त्यावर उतारा नाही. पिऊनच बाधतं असं नाही. भिजलेलं अंग चाटूनही पोटात जातं. म्हणून कुत्रं पाण्यात गेलंच तर चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा. लाळ, उलटी, थरथर दिसली तर घरी न थांबता थेट दवाखाना गाठा. मी निघण्यापूर्वीच पाणी पाजतो आणि बाटली सोबत ठेवतो. केंदाळ पसरलेलं असेल तिथं काठापासून लांबच राहतो. कुत्र्याला ती जमीन वाटते आणि पाय अडकतात.

चौपाटीवर नजर खाली हवी. खाऊन फेकलेलं कणीस कुत्रं गिळतं, ते पचत नाही, आतड्यात अडकतं आणि ऑपरेशनची वेळ येते. “सोड” ही आज्ञा मी सगळ्यात आधी शिकवली, हातातला चिकनचा तुकडा बदल्यात देऊन.

उन्हाळ्यात हाताची मागची बाजू फरशीवर सात सेकंद ठेवून बघतो. चटका बसला तर फेरी रद्द.

मोकळं चालायला मला कोल्हापूरजवळचा कळंबा तलाव जास्त आवडतो, पण गवतात गोचीड फार. घरी आलं की बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत आणि पट्ट्याखाली चाचपायचं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, तेल लावायचं नाही. नंतर ताप, खाणं बंद किंवा नाकातून रक्त दिसलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगून रक्त तपासून घ्यायचं.