पाऊस पडला, जॅकेट दिलं, प्रेम झालं

रविवार, रात्री उशिरा

संपवली एकदाची. शेवटची पन्नासेक पानं तर नुसती चाळली, आणि काही निसटतंय असं एकदाही वाटलं नाही. 'रडशील बघ' म्हणून मैत्रिणीनं हातात दिलेली कादंबरी. डोळ्यांत पाणी आलंही, पण जांभईनं.

सुरुवात झकास होती, हे कबूल. तो आणि ती वादविवाद स्पर्धेतले हाडवैरी, आणि शिक्षक दोघांना एकाच संघात घालतात. भांडणातून प्रेम हा साचा जुनाच, पण मला साच्याचं वावडं नाही. प्रेमकथेत दोघं एकत्र येणार हे मुखपृष्ठ बघूनच कळतं. आपण वाचतो ते कशी येतात यासाठी. इथे नेमकं तेच गायब. चाळिसाव्या पानावर एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत आणि साठाव्या पानावर तिच्या काळजाचा ठोका चुकतोय. मधे काय झालं? पाऊस पडला, त्यानं स्वतःचं जॅकेट तिला दिलं. बस्स.

आणि वादपटूंची कादंबरी म्हणावी, तर अख्ख्या पुस्तकात एक धड वाद नाही! 'आम्ही पहाटेपर्यंत बोलत बसलो' म्हणे. अगं, पण काय बोललात? तेच ऐकायला तर आले होते मी.

एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या. प्रकरणाच्या डोक्यावर नाव छापलंय म्हणून कोण बोलतंय ते कळतं. दोघंही वाक्य 'खरं सांगायचं तर'नं सुरू करतात, दोघांनाही समोरच्याच्या डोळ्यांत समुद्र दिसतो.

मग तो गैरसमज. त्याच्या फोनवर तिला अर्धा मेसेज दिसतो, 'तिला अजून सांगितलं नाहीस ना?' झालं, बाईसाहेबांनी अबोला धरला, आणि त्या अबोल्यानं पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्ला. 'कुणाचा मेसेज होता रे?' एवढं विचारलं असतं तरी गोष्ट तिथेच आटोपली असती. लेखिकेलाही ते ठाऊक असावं. कारण तो खुलासा करायला तोंड उघडतो तेव्हा दर वेळी कुणीतरी दार वाजवतं.

गैरसमज जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्येही आहेत. १८१३ सालची कादंबरी, एकसष्ट प्रकरणांची. नायक डार्सी चौतिसाव्या प्रकरणात मागणी घालतो आणि नायिका एलिझाबेथ त्याला साफ उडवून लावते. दुसऱ्या दिवशी तो पत्रानं खुलासाही करतो. डार्सीची बदनामी करणाऱ्या विकहॅमबद्दलचं तिचं चांगलं मत चुकीचं निघतं, पण तिच्या बहिणीचं जमत आलेलं डार्सीनं मोडलेलं असतं हे खरंच असतं! म्हणून खुलाशानंतरही पुढे एवढं पुस्तक उरतं. त्याला वागणं बदलावं लागतं, तिला स्वतःकडे नव्यानं बघावं लागतं. इथे खुलासा झाला की दीड पानात मिठी.

'अगं, पोरासोरांसाठी आहे, चालायचंच' हे मला पटत नाही. सतराव्या वर्षी माणूस एकेका वाक्याचा किती कीस काढतो! कोण काय म्हणालं, कुठल्या सुरात म्हणालं, उत्तराला उशीर का झाला. तो वाचक ढोबळपणावर कसा भागवेल?

आणि गंमत म्हणजे बाईंना लिहिता येतं. नायिकेची धाकटी बहीण बोलताना अडखळते. एकदा ती कुठेतरी फोन लावते, स्वतःच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर अडकते, आणि पलीकडचा माणूस आवाज येत नाही असं समजून फोन ठेवून देतो. ती पुन्हा लावते आणि या वेळी दुसरंच नाव सांगते, तोंडातून सहज निघेल असं. शेजारच्या खोलीत ताई टाळ्यांसाठी भाषण घोकतेय. एवढा प्रसंग मी दोनदा वाचला. पुढे ती पोरगी येते ती फक्त ताईचे निरोप पोचवायला.

दुसरा भाग येणार असल्याचं मागच्या पानावर छापलंय. तीच दोघं, आता कॉलेजात. बहिणीचा त्यात उल्लेखही नाही.