तेलगाळ पुरण्याआधी

तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या साठवण टाक्यांच्या तळाशी साचणारा काळा, चिकट गाळ जमिनीत तसाच पुरला, तर त्यातील तेल आणि निकेल, व्हॅनेडियम यांसारखे धातू पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात उतरू शकतात. सोलापुरात असा कारखाना नाही. तरी इथल्या एनटीपीसीच्या औष्णिक वीज प्रकल्पातून निघते तशी फ्लाय ॲश (कोळसा जळून उरणारी बारीक राख) हा गाळ स्थिर करण्यासाठी, म्हणजे त्यातले धातू बाहेर झिरपणार नाहीत असा घट्ट करण्यासाठी, वापरली जाते, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

चुना, सिमेंट आणि राख गाळात मिसळली की पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) वाढतो व बरेचसे धातू अविद्राव्य हायड्रॉक्साइड बनून घट्ट होणाऱ्या मिश्रणात अडकतात. खरी अडचण तेलाची आहे. सिमेंटच्या कणांभोवती तेलाचा थर बसला की पाणी आत पोहोचत नाही आणि मिश्रणाचा ठोकळा कितीही दिवस ठेवला तरी बोटाने दाबताच खचतो, म्हणून आधी सेंट्रिफ्यूजने (वेगाने फिरवून तेल वेगळे करणाऱ्या यंत्राने) शक्य तितके तेल काढून घेणे मला अत्यावश्यक वाटते. चुन्याचा अतिरेकही घातकच, कारण पीएच फार चढला की शिसे आणि जस्त पुन्हा विरघळू लागतात.

ठोकळ्यातून विषारी घटक किती झिरपतात हे पाहणाऱ्या टीसीएलपी चाचणीत त्याचे बारीक तुकडे त्यांच्या 20 पट वजनाच्या ॲसेटिक आम्लाच्या द्रावणात सुमारे 18 तास फिरवतात आणि द्रावणात किती धातू उतरले ते मोजतात. ठोकळा नुसता टणक दिसला म्हणून ही पायरी गाळू नये. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात कितीतरी गावे बोअरच्या पाण्यावर दिवस काढतात, तिथे ही काळजी जास्तीची नाही.