वॉचमेन, पान ते पडदा: वहीतली नवी नोंद

मंडळी, वही एकदाची बाराव्या प्रकरणापर्यंत पोचली. ज्यांनी ॲलन मूर (लेखक) आणि डेव्ह गिबन्स (चित्रकार) यांचं ‘वॉचमेन’ हे कॉमिक पुस्तक अजून वाचलेलं नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे शेवट फोडलाय.

नवीन आलेल्यांसाठी पद्धत थोडक्यात. एका बाजूला पुस्तक उघडं, समोर त्यावरचा २००९ चा सिनेमा थांबवत थांबवत, आणि प्रत्येक प्रसंगापुढे दोन रकाने. पहिला ‘चित्र’: पडद्यावरची फ्रेम पानावरच्या चौकटीसारखी दिसते का? दुसरा ‘काम’: त्या पानाने वाचकावर जो परिणाम केला, तोच प्रेक्षकावर होतो का? २००९ पासून आपण सगळे पहिल्याच रकान्यावरून भांडतोय, असं माझं मत होत चाललंय.

भांडण तिथे अडकलं याला कारण आहे. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलेल्या या पुस्तकावर सिनेमा होऊच शकत नाही असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं. टेरी गिलियमसारख्या दिग्दर्शकाने हात टेकले होते. मग जुलै २००८ मध्ये झॅक स्नायडरच्या सिनेमाचा ट्रेलर ‘द डार्क नाइट’सोबत थिएटरात आला आणि जो तो ट्रेलर थांबवून त्यातली चौकट पुस्तकात शोधायला लागला. चौकटी सापडतही गेल्या! तेव्हापासून ‘सापडली’ म्हणजे ‘जमली’ हे समीकरण बसलं. पुढे फॉक्स आणि वॉर्नर या स्टुडिओंमधला हक्कांचा दावा डिसेंबरमध्ये अशा वळणावर आला की प्रदर्शनच लांबणार अशी धास्ती होती. जानेवारी २००९ मध्ये तडजोड झाली. एवढं टांगणीला लागल्यावर ६ मार्चला लोक थिएटरात गेले ते निम्मे आधीच खूश होऊन.

उरलेले निम्मे आधीच नाराज होते, कारण ॲलन मूर यांचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. तिथे फक्त चित्रकार डेव्ह गिबन्स दिसतात. ‘खुद्द लेखकानेच नाकारलाय’ हा युक्तिवाद मला पटत नाही. मूर यांनी नाव आणि पैसे दोन्ही सिनेमा तयार होण्याआधीच नाकारले होते. तो निकाल हॉलिवूडवरचा होता, या सिनेमावरचा नव्हता.

आता वही.

प्रकरण १. पुस्तकात कॉमेडियन या वेशधारी नायकाचा खून आपल्याला सलग दिसतच नाही. दोन डिटेक्टिव्ह त्याच्या फ्लॅटमध्ये उभे राहून रोजच्या कामासारखं बोलतायत, आणि त्या बोलण्याच्या मधेमधे लाल रंगात बुडालेल्या चौकटी येतात. एक ठोसा, मग पुन्हा डिटेक्टिव्ह. काच फुटते, मग पुन्हा डिटेक्टिव्ह. सिनेमात हीच मारामारी सुरुवातीलाच, सलग, नॅट किंग कोलच्या गाण्यावर आणि स्लो मोशनमध्ये आहे. खिडकीतून बाहेर फेकला जाणारा माणूस अगदी चौकटीतून उचललाय. चित्र: शंभर टक्के. काम: उलटं. पुस्तक त्या मारामारीतली मजा काढून घेतं आणि सिनेमा ती परत आणतो.

लगेच पुढे श्रेयनामावली येते आणि इथे वहीत पहिल्यांदा उलटी नोंद झाली. बॉब डिलनच्या गाण्यावर चाळीस वर्षांचा पर्यायी इतिहास: टाइम्स स्क्वेअरमध्ये नर्सचं चुंबन घेणारी सिल्हूएट ही नायिका, केनेडींशी हात मिळवणारा अतिमानवी शक्तीचा डॉक्टर मॅनहॅटन, केनेडींवर गोळी झाडणारा कॉमेडियन, नाइट आउल या नायकाची चित्रं घेऊन उभा असलेला चित्रकार वॉरहॉल. यातलं बहुतेक पुस्तकात चौकटी म्हणून नाहीच. हा जुना काळ आपल्याला पुस्तकात मुख्यतः प्रकरणांच्या शेवटी जोडलेल्या मजकुरातून कळतो, पहिला नाइट आउल हॉलिस मेसन याच्या आत्मचरित्रातून वगैरे. पण नीट बघा, या दृश्यांमध्ये जवळजवळ कोणी हलत नाही. माणसं फोटोसारखी थबकलेली आहेत आणि कॅमेरा हळूच सरकतोय, त्यामुळे आपल्याला कोपऱ्यात काय आहे ते शोधायला सवड मिळते. पुस्तकाचं पान आपण असंच वाचतो. चित्र: नाही. काम: पूर्ण. सबंध वहीतली माझी सगळ्यात लाडकी नोंद हीच.

प्रकरण २ आणि ३ भराभर झाली. अंत्यविधी ठीक, टीव्ही मुलाखत ठीक.

प्रकरण ४ मात्र दोनदा पाहावं लागलं. डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर बसलाय आणि त्याच्यासाठी भूत, वर्तमान, भविष्य एकदमच चालू आहे. कागदावर हे अक्षरशः खरं आहे, कारण १९५९ची चौकट आणि १९८५ची चौकट एकाच पानावर शेजारी बसतात आणि डोळा दोन्ही एकदम पाहतो. पडद्यावर एकामागून एकच दाखवता येतं. स्नायडरने इथे फिलिप ग्लासचं संगीत वापरलंय. तेच तेच सूर फिरून येत राहतात, त्यामुळे काळ पुढे चाललाय असं वाटतच नाही. चित्रांनी जे साधलं नसतं ते कानांनी साधलं. काम: बरंचसं.

प्रकरण ५. हे प्रकरण आरशासारखं रचलंय. पहिलं पान शेवटच्या पानाचं प्रतिबिंब, दुसरं त्याच्या आधीच्या पानाचं, आणि बरोबर मध्यावर व्हाइट या माजी नायकावरच्या हल्ल्याचं जोडपान. सिनेमाने यातल्या घटना घेतल्या, रचना सोडून दिली. मी दोष देत नाही. मागे पान उलटून बघायची सोय थिएटरात नसते, मग आरसा कुणाला दिसणार? रकाना कोरा ठेवलाय.

प्रकरण ६ वर खूप वाद होतील, होऊ देत. रोरशाक या नायकाचा शाईच्या डागांचा मुखवटा सिनेमात सतत हलतो, पुस्तकात तो फक्त दोन चौकटींच्या मधल्या जागेत बदलतो. त्याची भूमिका करणाऱ्या जॅकी अर्ल हेलीबद्दल आपल्यात दुमत नाहीच. पण अपहरण करणाऱ्या माणसाचा प्रसंग घ्या. पुस्तकात रोरशाक त्याला बेडीने अडकवतो, जवळ करवत ठेवतो, घराला आग लावतो आणि बाहेर उभा राहून जळताना बघतो. सिनेमात तो सुऱ्याने त्याच्या डोक्यावर घाव घालत सुटतो. रक्त जास्त, भीती कमी. पुस्तकातला रोरशाक त्या क्षणी थंड होतो, म्हणून तर तिथून पुढे मुखवट्यामागचा कोव्हॅक्स उरत नाही. सिनेमातला नुसता चिडलेला दिसतो. पुढे तुरुंगातही तेच: पुस्तकात गजांत अडकलेल्या माणसाचा गळा चिरतात, सिनेमात यंत्राने हात कापतात. दोन्ही रकान्यांत फुली.

प्रकरण ११ आणि १२. आता त्या प्राण्याबद्दल. अमेरिका-रशिया अणुयुद्ध टाळायला पुस्तकात व्हाइट एक नकली परग्रहवासी राक्षस न्यूयॉर्कमध्ये आणून टाकतो, सिनेमात अनेक शहरांत मॅनहॅटनच्या ऊर्जेसारखे स्फोट होतात आणि आळ त्याच्यावर येतो. निष्ठावंतांना हा सगळ्यात मोठा गुन्हा वाटतो. मला वाटत नाही. तो प्राणी पटवायचा तर गायब झालेले लेखक-चित्रकार, ते बेट, ते अतींद्रिय मेंदूचं प्रकरण, हे सगळं पेरावं लागतं. सिनेमाने ते वाचवलं. अमेरिकेचंच अस्त्र उलटल्यावर रशिया अमेरिकेच्या गळ्यात गळा का घालेल, हा प्रश्न उरतो हे खरं, पण व्हाइटच्या मूळ योजनेतही भोकं कमी नाहीत.

खरं नुकसान पेपरच्या स्टॉलवर झालंय. पुस्तकात त्या कोपऱ्यावर बर्नार्ड पेपर विकतो, शेजारी दुसरा बर्नी फुकटात चाच्यांचं कॉमिक वाचत बसतो, टॅक्सीवाली जोई येते, मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याची बायको येतात, तेच दोन डिटेक्टिव्ह येतात. अकराव्या प्रकरणापर्यंत आपण त्यांची कटकट ऐकत राहतो. मग अकराव्याच्या शेवटी दोन्ही बर्नार्ड एकमेकांना मिठी मारतात आणि चौकट पांढरी होत जाते. बारावं उघडतं ते सलग सहा पूर्ण पानांच्या चित्रांनी. इतका वेळ नऊ चौकटींच्या जाळीची सवय लागलेली असते, ती एकदम तुटते आणि डोळ्याला पळायला जागा राहत नाही. मेलेली माणसं आपल्या ओळखीची असतात.

१६२ मिनिटांच्या थिएटर आवृत्तीतही ती मिठी आहे. मिठी मारणारे दोघे कोण हे आधी कळलेलंच नसतं. चित्र: तेच. काम: शून्य. १८६ मिनिटांच्या डिरेक्टर्स कटमध्ये हॉलिस मेसनचा मृत्यू परत आला, पण कोपरा खऱ्या अर्थाने भरतो तो २१५ मिनिटांच्या अल्टिमेट कटमध्ये, चाच्यांच्या कॉमिकचं ॲनिमेशन जोडल्यावर. हे जोडकाम ओबडधोबड आहे, ॲनिमेशन आलं की लय तुटते. तरीही त्या आवृत्तीत मिठी लागते. कुणाला एकच आवृत्ती दाखवायची असेल तर मी हीच दाखवीन, मधे चहाला उठायची मुभा देऊन.

पडताळा म्हणून मोशन कॉमिकचे बारा भागही चाळले. यात गिबन्स यांचीच चित्रं हलवलीत आणि बायकांसकट सगळ्या पात्रांना एकाच पुरुषाचा आवाज आहे. चित्राचा रकाना याहून भरलेला असूच शकत नाही, आणि कामाच्या रकान्यात लिहायला जवळजवळ काही सापडलं नाही. वाचायचा वेग माझ्या हातातून काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही.

पुढची नोंद २०२४ च्या दोन भागांतल्या ॲनिमेटेड सिनेमावर असेल. त्यात प्राणी आहे हे कळल्यावर अनेकांनी आधीच गुण देऊन टाकलेत. मी आधी स्टॉलचे प्रसंग बाजूला काढून बघणार आहे. २०१९ च्या मालिकेचे नऊ भाग या वहीत घेऊ नयेत असं माझं मत आहे, कारण ती पुढची गोष्ट सांगते, पानाशी पान लावायला तिथे काही नाही. ज्यांना घ्यावे वाटतात त्यांनी रकाने कोणते ठेवायचे तेही सुचवावं.