सेंट आइव्हज ते झेनॉर, व्हाया चिखल

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला, मी सील हे समुद्री प्राणी बघायला गेले होते. सेंट आइव्हजहून सील आयलंडला बोटी जातात. पण ऑक्टोबर महिना, समुद्र खवळलेला, बोटी बंद. तीन दिवस हॉस्टेलच्या आठ जणांच्या खोलीत परक्यांच्या ओल्या मोज्यांचा वास घेत काढले. चौथ्या दिवशी वाटलं, भिजायचंच आहे तर चालत तरी भिजू.

साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी पायवाट. ती माइनहेडपासून पूल हार्बरपर्यंत 1014 किलोमीटर जाते. तिच्यातला सेंट आइव्हज ते झेनॉर हा तुकडा जेमतेम दहा-साडेदहाचा. सह्याद्रीत भर पावसात ट्रेक केलेल्या बाईला त्याचं काय! हा माज तासाभरात उतरला. आपला पाऊस निदान वरून पडतो. हा नैर्ऋत्येकडून आडवा येतो आणि बाहीतून आत शिरतो. इथे त्याला ‘मिझल’ म्हणतात, धड धुकं नाही की धड पाऊस नाही. जॅकेटवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं होतं. असो.

ही वाट मुळात तटरक्षकांच्या गस्तीची. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायची, म्हणून ती प्रत्येक खाचेत डोकावते. खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा, पुन्हा वर. मधे ग्रॅनाइटचे धोंडे, त्यांवर चारी हातापायांनी. दलदलीत पाय ठेवायला दगड टाकलेत, त्यातला एक पाण्याखाली होता. तो मला पायानेच, जरा उशिरा सापडला. त्यानंतर गुडघ्यापर्यंतचा चिखल झेनॉरपर्यंत सोबतीला.

अर्ध्या वाटेवर रडणं ऐकू आलं. लहान मूल रडावं तसं, खालून, धुक्यातून. आधी वाटलं वारा. मग पुन्हा, अगदी स्पष्ट. पोटात गोळा आला. अशा हवेत कुणी पोर घेऊन खाली उतरलं असेल? मी ‘‘कोण आहे?’’ म्हणून ओरडले. मराठीत! सॅक खाली टाकली आणि नेच्यांच्या ओल्या झुडपांतून उतरायला लागले, तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या जॅकेटची टोपी धरून ओढलं.

पासष्टीची बाई, बरोबर भिजलेलं कुत्रं. तिने तोंडावर बोट ठेवलं आणि सरळ गवतावर पालथी झाली. मीही झाले, तशीही कोरडी जागा अंगावर उरली नव्हती. धुकं जरा सरकलं तेव्हा खाली गोट्यांवर पांढरट लोकरीचं एक गाठोडं दिसलं. सीलचं पिलू. पाण्यात आईचं काळं डोकं, आमच्याकडेच वळलेलं. बाई कुजबुजली, आई तीनेक आठवडेच दूध पाजते, माणूस खाली उतरला की घाबरून पाण्यात जाते, कधी परततच नाही. दरवर्षी कुणीतरी फोटोसाठी उतरतंच, म्हणाली. मी फोटोसाठी उतरत नव्हते, पण खुलासा केला नाही. बोट चालू असती तर सगळ्यांत पुढे वाकून फोटो मीच काढले असते.

किती वेळ पडून होतो माहीत नाही. आई सरपटत बाहेर आली, रडणं थांबलं. बाई उठली, कपडे झटकले (काय झटकणार?) आणि सेंट आइव्हजकडे निघून गेली. नाव विचारायचं राहिलंच.

पुढचे दोन-अडीच तास फक्त चिखल.

झेनॉरच्या चर्चमध्ये एक जुनं लाकडी आसन आहे. त्यावर जलपरी कोरलीय, एका हातात आरसा, दुसऱ्यात फणी. गावातल्या मॅथी ट्रेव्हेलाचं गाणं ऐकायला ती चर्चमध्ये यायची आणि शेवटी त्याला पाण्यात घेऊन गेली, अशी दंतकथा. कोरड्या हवेत मी हसले असते. त्या दिवशी माझा शंभर टक्के विश्वास बसला.

शेजारच्या टिनर्स आर्म्समध्ये शेकोटी पेटलेली होती. ही खानावळ 1271 सालची म्हणे. मी बूट काढून मोजे वाळवायला घेतले. जवळच्या टेबलावरच्या दोघांनी काही न बोलता आपल्या खुर्च्या खिडकीकडे सरकवल्या.