बेट का मिशन?

केडगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाला एवढंच विचारतो, "बेट का मिशन?" बेट म्हणजे नारायण महाराजांचं दत्तमंदिर आणि मिशन म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार मुली-बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन. पुणे–दौंड लाइनवरच्या या गावात उतरणारा परका माणूस या दोन्हींपैकी एकीकडेच जाणार, हे त्याला पाठ आहे. मावशीनं उत्तर दिलं, "मिशन. आणि हळू चालव रे बाबा, एकोणऐंशी वर्षांची हाडं आहेत."

मावशी माझी सख्खी नव्हे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तिला सगळे मावशीच म्हणतात. चाळीस वर्षं ती बायबलबाई होती. खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला आणि वाडीवस्तीवरच्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसायचं, प्रार्थना करायची. मी गेली सतरा वर्षं मंडळीचं मुलींचं वसतिगृह सांभाळते. केडगावला जायचं मावशीचं फार दिवसांचं मनात होतं, कारण तिची आजी इथं वाढली. दरवर्षी "या एप्रिलात जाऊ" म्हणायचे आणि राहून जायचं. या वर्षी गेले, पण तिच्यासाठी म्हणून नाही, हे आधीच कबूल करते.

फेब्रुवारीत एक पत्र आलं होतं. वसतिगृहाचा निम्म्याहून जास्त खर्च परदेशातली एक संस्था उचलते. करार दहा वर्षांचा. तो संपतोय आणि पुढे वाढवणार नाही, असं त्यांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं. हातातल्या पैशात दिवाळीपर्यंत निभेल. त्यापुढचं मला ठाऊक नव्हतं. रविवारी मात्र उपासनेत उभी राहून मी "देव विश्वासू आहे" अशी साक्ष दिली. आपल्याकडे हे वाक्य पैसे आल्यावर म्हणायची पद्धत आहे. मी आधीच म्हणून टाकलं, पण खाली बसताना पाय कापत होते.

हडपसर सुटलं की शहर मागे पडत जातं. लोणी, उरुळी, यवत. दोन्ही बाजूंना ऊस, आणि केडगाव जवळ येतं तसा कुठल्या तरी गुऱ्हाळाचा उकळत्या रसाचा वास खिडकीतून आत येतो. मावशीनं यवतपर्यंत डोळे मिटून घेतले होते. झोपली असं वाटलं, तर म्हणाली, "आजीला तिचं गाव आठवायचं नाही. आईचं तोंडसुद्धा नाही. आगगाडी तेवढी आठवायची. म्हणायची, गाडीत खूप पोरी होत्या, कुणीच रडत नव्हतं."

ती १८९७ सालची गोष्ट. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी, अनाथ, विधवा मुलींना घेऊन आल्या. दुष्काळ म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई दोघंही १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थयात्रेच्या वाटेवर गेले. रमाबाईंनीच लिहून ठेवलंय की आईसाठी त्या शेजारच्या बाईकडे बाजरीची भाकरी मागायला गेल्या, पण मागायची सवय नाही, तोंडून शब्द फुटेना. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरेनात. दोन ब्राह्मण मिळाले, भाऊ होता आणि चौथ्या टोकाला रमाबाई. उंची कमी म्हणून त्यांनी तो भार खांद्याऐवजी डोक्यावर घेतला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. प्रवचनात रमाबाई येतात त्या थेट "महान सेविका" म्हणून. डोक्यावर आईचं ओझं घेतलेली सोळा वर्षांची मुलगी प्रवचनात येत नाही.

मिशनच्या फाटकावर वहीत नाव लिहिलं. मुलींचे फोटो काढायचे नाहीत, अशी सूचना मिळाली. अशी सूचना देणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. आमच्याकडे येणारे पाहुणे आधी फोटो काढतात आणि मग मुलीचं नाव विचारतात. एक मध्यमवयीन ताई आम्हाला आवार दाखवायला आल्या. आवार मोठं, झाडी दाट, आणि बाहेर रणरणतं ऊन असून आत सावली. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो जमिनीबद्दल. मावशी माझ्याकडे बघतच राहिली, म्हणजे "देवळात जाऊ की आधी" अशा नजरेनं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पण मी त्यासाठीच आले होते.

कारण असं. रमाबाईंनी अमेरिकेत फिरून १८८७ मध्ये बोस्टनला एक मंडळ उभं केलं होतं. त्या मंडळानं विधवा मुलींच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. त्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही शाळा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला आली. १८९३ मध्ये, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनची हमी १८९८ मध्ये संपायची होती. पुढं काय? रमाबाई व्यवहारी बाई. त्यांनी ठरवलं, जमीन घेऊ, फळझाडं लावू, हमी संपेपर्यंत ती धरतील आणि शाळा त्यांच्या उत्पन्नावर चालेल. केडगावची जमीन घेतली ती त्या बागेसाठी.

मग दुष्काळाच्या मुली आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवायला सरकारची मनाई. त्यांना न्यायचं कुठं? रमाबाईंकडे एकच जागा होती. बागेच्या जमिनीवर घाईघाईनं निवारे उभे राहिले आणि त्याचं मुक्ती सदन, म्हणजे आजचं मुक्ती मिशन, झालं. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि आकडा हजारावर गेला. ज्या जमिनीनं दोन-चार डझन मुलींच्या शाळेचा खर्च भागवायचा, तिच्यावर शेकडो जणी राहायला आल्या.

पत्र आल्यापासून मी हेच डोक्यात घोळवत होते. दहा वर्षांची हमी, पुढची चिंता, बागेचा बेत. माझाही बेत तयार होता. वसतिगृहामागच्या जागेत शेड टाकायची, शिवणयंत्रं बसवायची, कापडी पिशव्या शिवून विकायच्या. हिशेब मांडलेली वही पिशवीत होती. केडगावला जाऊन मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं की बेत बरोबर आहे, रमाबाईंनीही असंच केलं होतं. पण त्यांचं तर त्यांनी योजलं तसं झालंच नाही! बाग लावली उत्पन्नासाठी, कामाला आली आसऱ्यासाठी. बोस्टनचं मंडळ १८९८ मध्ये नव्यानं उभं राहिलं आणि मदत चालू राहिली, पण ते त्यांना बाग लावताना माहीत नव्हतं.

"फळबाग कुठं होती?" मी विचारलं.

ताईंनी हातानं सगळंच आवार दाखवलं. "आता नेमकं नाही सांगता येणार. सगळीकडेच असेल की."

देऊळ दगडी आहे, भलं मोठं. आत शिरल्यावर बाहेरच्या उन्हानं डोळ्यांपुढे काही क्षण अंधारीच आली. मावशी चपला काढून सरळ खाली फरशीवर बसली आणि हात टेकवून म्हणाली, "गार आहे गं." मग बराच वेळ काही बोलली नाही. १९०५ मध्ये इथं मुलींमध्ये जे संजीवन, म्हणजे श्रद्धेची जागृती, झालं, त्याच्या गोष्टी मावशीनं आजीकडून ऐकल्या होत्या. रात्र-रात्र प्रार्थना, रडणं, पापं कबूल करणं. मी त्या बाबतीत जरा थंड आहे. मला उसासे आणि आरोळ्यांची भीती वाटते. पण त्याच मुली सकाळी उठून विणकाम करायच्या, शेतात राबायच्या, छापखान्यात खिळे जुळवायच्या, हे मला पटतं.

छापखाना होता तो पवित्र शास्त्रासाठी, म्हणजे बायबलसाठी. खेड्यातल्या बाईला वाचता यावं अशा सोप्या मराठीत रमाबाईंनी सगळं शास्त्र इब्री (हिब्रू) आणि ग्रीकमधून उतरवलं. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या भाषांशी झुंजल्या. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. संस्था तिच्याच हाती द्यायची होती. अमेरिकेत शिकून आलेली, शाळा चालवणारी, अंध मुलींना ब्रेल शिकवणारी. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, आजारी. उरलेली मुद्रितं त्यांनी तपासली आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. इथली माणसं सांगतात की त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले होते आणि बरोबर तेवढेच मिळाले.

आणि ते भाषांतर? आमच्या मंडळीत व्यासपीठावर असतं ते बायबल सोसायटीचं. रमाबाईंचं किती घरांत सापडेल? मला याचा आधी राग यायचा. त्या दिवशी देवळात बसून राग आला नाही, नुसतं विचित्र वाटलं. ज्या कामासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली ते कपाटात गेलं. ज्याचा बेतच केला नव्हता, ते आजीच्या रूपानं आगगाडीतून आलं आणि तिची नात माझ्याशेजारी फरशीवर बसली होती.

बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं आठवं वचन आपल्याकडे कॅलेंडरवर असतं, भिंतीवर असतं, लग्नपत्रिकेवरसुद्धा असतं: येशू ख्रिस्त काल, आज व युगानुयुग सारखाच आहे. सातवं वचन कुणी छापत नाही. त्यात लिहिलंय की ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं त्यांची आठवण ठेवा, त्यांच्या वागण्याचा शेवट काय झाला ते बघा. म्हणजे ती माणसं गेलेली आहेत. आधी गेलेल्यांची आठवण आणि मग लगेच "सारखाच आहे". आणखी दोन वचनं मागे गेलं तर द्रव्यलोभ नको, जवळ आहे त्यात तृप्त राहा, कारण मी तुला सोडणार नाही. पुढे चौदाव्यात, इथं आपल्याला कायमचं नगर नाही. मी आठवं वचन आजवर एकटंच वाचत आले आणि त्याचा अर्थ लावला तो असा की मदतही सारखीच येत राहील, त्याच पत्त्यावरून, त्याच तिमाहीला.

दुपारी अंध बायकांच्या सदनाकडे गेलो. एक म्हाताऱ्या बाई खाटेवर बसून मांडीवरच्या जाड पुस्तकावर बोटं फिरवत होत्या. आमची चाहूल लागली तसं उजव्या हाताचं बोट जिथं होतं तिथंच दाबून धरलं आणि तोंड वर केलं.

"कोण?"

"जय ख्रिस्त, आई. आम्ही पाहुण्या," मावशी म्हणाली. "माझी आजी इथली होती. दुष्काळातली."

"दुष्काळातली," त्या म्हणाल्या. "आणि तू तिची कोण, मुलीची मुलगी?"

"मुलाची."

त्यांनी मावशीचा हात चाचपून बघितला, मनगटापासून बोटांपर्यंत. "काम केलेला हात आहे," म्हणाल्या. दुसऱ्या हाताचं बोट अजून ओळीवर तसंच होतं. आम्ही दाराशी पोचेपर्यंत ते पुढे सरकू लागलं होतं.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती. एका मुलानं उठून मावशीला जागा दिली आणि तिनं सरकून मला टेकायला चार बोटं दिली. पाण्याची बाटली शोधायला तिनं माझ्या पिशवीत हात घातला तर हिशेबाची वही निघाली आणि तिच्यात घडी घातलेले तीन कागद.

"हे काय?"

जूनच्या प्रवेशाचे अर्ज. दोन बहिणी, आणि एक मुलगी जिची आई ऊसतोडीला जाते. पत्र आल्यापासून ते तसेच ठेवले होते. नकार लिहवत नव्हता आणि होकार द्यायची हिंमत नव्हती.

"दिवाळीनंतर कशावर चालवायचं, मावशी? पुढच्या वर्षीचं काय?"

"पुढच्या वर्षी मी आहे का ते विचार आधी," ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "माझ्या आजीला गाडीत घेताना रमाबाईंनी पुढच्या वर्षीची ज्वारी मोजली होती का?"

"बहुतेक मोजली असेल," मी म्हटलं. "बाग लावणारी बाई होती ती."

"मग मोज की. मोजू नको कुठं म्हटलं? पोरींना दारात उभं ठेवून नको मोजूस."

पिशव्यांचा हिशेब मी फाडला नाही. शेड टाकणारच आहे, माणूस बघून ठेवलाय. आमच्याच मंडळीतल्या काही घरांना महिन्याला थोडं थोडं मागायचं ठरवलंय. एवढ्या वर्षांत ते मागायची लाज वाटत होती, कारण परदेशातून येत होतं तेव्हा गरजच नव्हती. रमाबाईंना भाकरी मागताना शब्द फुटत नव्हता, ते त्या गाडीत पुन्हा आठवलं.

उरुळीला थोडी गर्दी उतरली. मावशीनं तिच्या जुन्या पर्समधून पेन काढून दिलं. वही मांडीवर घेऊन पहिल्या दोन अर्जांवर सही केली, बहिणींच्या. तिसऱ्यावर करताना लोणीहून गाडी हलली आणि सही कागदाच्या कडेपर्यंत वाकडी गेली.