पाचारण आमचं, निरोप मुलांचे

रविवार, रात्री

आज उपदेशात पुन्हा धावपटू एरिक लिडेल. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक, रविवारी पळायचं नाही म्हणून सोडलेली १०० मीटरची शर्यत, मग ४०० मीटरचं सुवर्ण. गोष्ट चांगलीच आहे. मला मात्र तिच्या आधीचं आठवत बसतं, जे व्यासपीठावरून सहसा कुणी सांगत नाही. त्याचे आईवडील चीनमध्ये मिशनरी. त्याचा जन्मही तिथलाच, १९०२ चा. १९०८ मध्ये त्याला आणि थोरल्या भावाला इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांच्या वसतिशाळेत घातलं आणि पुढे आईवडील चीनला परतले. सहा वर्षांचं पोर! मग भेट व्हायची ती त्यांच्या रजेत. मोठेपणी तोही मिशनरी होऊन चीनला गेला. १९४१ मध्ये युद्धामुळे गरोदर बायकोला आणि दोन मुलींना कॅनडाला धाडलं. तिसरी मुलगी त्याला बघायलाच मिळाली नाही. १९४५ मध्ये जपान्यांच्या छावणीत तो वारला.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आईवडिलांना होतं. मुलांना विचारतो कोण?

आम्हीही परदेशात मिशनरी. आमची मुलं निदान आमच्याजवळ आहेत, आजी फोनवर रोज दिसते. तरी परवा एक नवं कुटुंब राहायला आलं, तेव्हा धाकटीने त्यांच्या मुलीला नाव विचारायच्या आधी विचारलं, "तुम्ही किती दिवस आहात?" दोन वर्षं, असं कळल्यावरच खडूंचा डबा उघडला. (त्यातला तुटका खडू आधी पुढे केला, तो भाग वेगळा.) इतके निरोप देऊन झालेत की तिने आपली पद्धत बसवली आहे.

समाजशास्त्रज्ञ रूथ यूसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना आईवडिलांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या अशा मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' म्हटलं. आमची दोघं इथे परकी दिसतात म्हणून लोक सांभाळून घेतात. खरी पंचाईत मायदेशी. तिथे दिसतात चारचौघांसारखी, मग चुकलं की थेट बावळट ठरतात. वर तिथल्या प्रत्येक चर्चमध्ये स्टेजवर उभं करून "तिकडच्या भाषेत गाणं म्हण बाळा!" थोरला आता तेरा वर्षांचा आहे, माईक हातात आला की बुटांकडे बघत राहतो.

येत्या रजेत हे बंद, असं मी जेवताना सांगून टाकलं. हे म्हणाले, मदत पाठवणाऱ्यांना वाईट वाटेल. वाटू दे. पाळकांना आधीच पत्र जाईल: बोलायचं ते आम्ही दोघं बोलू, मुलं मागच्या बाकावर बसतील, कंटाळली तर बाहेर खेळतील.