खांद्यातला पाऊण इंच

माझ्या अंगावरचा ब्लेझर मी घरी शिवलेला आहे असे कोणाला कळले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बाजारात हवे तसे तयार ब्लेझर मिळत असताना तुम्ही हा एवढा खटाटोप कशासाठी करता? लग्नाच्या पंगतीत किंवा कार्यालयाच्या जिन्यात उभ्याउभ्या याचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते. पैसे वाचतात हे कारण नव्हे. सव्वादोन मीटर चांगले लोकरी कापड, अस्तर, कॅनव्हास आणि बटणे एवढाच हिशेब धरला, तरी सवलतीच्या दिवसांत मिळणारा तयार ब्लेझर बहुतेक वेळा स्वस्त पडतो. खरे कारण माझ्या उजव्या खांद्यात आहे.

शाळेत असताना सायकलवरून पडून माझे कॉलरबोन मोडले होते. हाड जुळले, पण उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली राहिला. सैल कुर्त्यात हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. कोटाचे तसे नसते, कारण त्याचा सगळा भार खांद्यांवर तोललेला असतो. तयार ब्लेझर घातला, की उजवीकडे मानेपासून बगलेकडे एक तिरकी घडी पडते, कॉलर मानेपासून किंचित सुटते आणि समोरचा उजवा काठ डाव्याच्या खाली लोंबतो. अल्टरेशन करणारे यावर खांद्यात जाड पॅड घालतात. त्याने घडी जाते, पण खांदा फळीसारखा दिसू लागतो आणि हात वर केला, की सगळा कोटच वर उचलला जातो. अशा दोन ब्लेझरांवर पैसे घालवल्यानंतर मी शिवणक्लासमधल्या ब्लाउज-कुर्त्यांच्या शिक्षणावर विसंबून न राहता, आमच्या पेठेतील एका वृद्ध कोट-मास्तरांकडे सहा महिने संध्याकाळी जाऊन बसले.

त्यांनी दाखवलेला उपाय साधा आहे, परंतु तो कापड बेततानाच करावा लागतो. खाली असलेल्या बाजूची खांद्याची रेघ टोकाशी खाली घ्यायची आणि मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचा, तळही तेवढाच खाली न्यायचा. असे केले म्हणजे मुंढ्याचा घेर बदलत नाही आणि बाही दोन्हीकडे सारखीच बसते. मुंढा खाली न घेता नुसता खांदा उतरवला, तर बगलेत कापड काचते. ही चूक मी सुरुवातीला केली आहे. पाऊण इंचापैकी निम्मा फरक मी बेतण्यात घेते आणि उरलेला आत कापसाचे दोन पातळ थर रचून भरून काढते. त्यामुळे कोट माझ्याच खांद्यावर बसतो आणि पाहणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या दिसतात. अंदाज पक्का व्हावा म्हणून आधी मांजरपाटाचा नमुना शिवून, अंगावर चढवून, आरशापुढे टाचण्या लावून तो दुरुस्त करते. मांजरपाट आधी पाण्यातून काढायला हवा, नाहीतर त्याच्या खळीच्या कडकपणामुळे प्रत्येक घडी फसवी दिसते.

दुसरे कारण कोटाच्या आत असते आणि ते सांगताना मला नेहमी वाटते, की कोट उसवूनच दाखवावा. समोरचे कापड आणि अस्तर यांच्या मध्ये एक आधाराचा थर असतो. छातीची गोलाई आणि लॅपलची, म्हणजे कॉलरखाली छातीवर बाहेर दुमडलेल्या भागाची, वळण ही त्याची देणगी असते. स्वस्त तयार ब्लेझरमध्ये हा थर बहुधा चिकटवलेला असतो. त्याला फ्युजिंग म्हणतात: मागे गोंदाचे ठिपके असलेले कापड उष्णतेने आणि दाबाने समोरच्या कापडाला जोडतात. चांगल्या प्रतीचे फ्युजिंग बरीच वर्षे टिकते हे मान्य केले पाहिजे. परंतु हलके असेल तर काही ड्रायक्लीननंतर गोंद जागोजागी सुटतो आणि छातीवर पापडासारखे फुगे येतात. ते फुगे पुन्हा बसवता येत नाहीत. माझा एक ब्लेझर असाच वाया गेला.

या थरासाठी मी वापरते तो कॅनव्हास विणलेला असतो: उभे धागे सुताचे किंवा लोकरीचे आणि छातीच्या तुकड्यात आडवे धागे घोड्याच्या शेपटीच्या केसांचे. हा केस दुमडला तरी उसळून पुन्हा सरळ होतो, म्हणून छाती चुरगळत नाही. रविवार पेठेत टेलरिंगचे सामान मिळते तेथून मी तो आणते, रात्रभर पाण्यात भिजवते आणि सावलीत वाळवूनच कापते. पहिल्या कोटाच्या वेळी हे भिजवणे मी टाळले होते. पहिल्याच धुलाईत कॅनव्हास आटला, वरचे कापड तसेच राहिले आणि समोरच्या काठाला चुण्या पडल्या.

हा कॅनव्हास गोंदाने नव्हे, टाक्यांनी बसवायचा असतो, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत प्रिय असलेला भाग तोच आहे. लॅपल डाव्या हाताच्या तर्जनीवर वळवून धरायचा आणि उजव्या हाताने कॅनव्हासच्या बाजूने तिरके टाके घालत जायचे. सुई वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलते. तो उचलला गेला हे डोळ्यांना दिसत नाही, खाली धरलेल्या बोटाच्या टोकाला टोचल्यासारखे जाणवते, आणि तेवढे जाणवले, की टाका बरोबर पडला असे समजायचे. दोन टाक्यांत जेमतेम अर्धा सेंटिमीटर अंतर असते. लॅपलच्या टोकाकडे ते आणखी कमी होते. एका बाजूचे काम संपते तोवर दोन संध्याकाळी गेलेल्या असतात. मग बोट काढून घेतले, की लॅपल खाली सपाट पडत नाही. इस्त्री लावलेली नसतानाही तो आपोआप वळतो, कारण वळलेल्या स्थितीतच त्याचे दोन थर एकमेकांना बांधले गेलेले असतात. इस्त्रीने मोडलेली कडक घडी आणि ही वळण यांतला फरक एकदा पाहिला, की रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या कॉलरकडे लक्ष जाऊ लागते.

येथे वेळेचा प्रश्न येतो. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीत, ग्राहकाच्या मापाने बेतलेल्या सुटात किमान ५० तासांचे हाताचे काम असते असे तेथील कारागीर सांगतात. माझ्या एका कोटाला, पँट नसतानाही, साधारण तेवढेच तास लागतात, कारण माझा हात त्यांच्याइतका सराईत नाही. इतके तास देणे नेहमीच्या दरात शिवणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही शिंप्याला परवडणार नाही आणि त्याने ते द्यावेत अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. माझ्याकडे ते तास आहेत. रात्री जेवणे आटोपल्यावर रोज दीड तास मिळाला, तरी सव्वा महिन्यात कोट होतो.

यंत्राविषयी फार विचारले जाते, पण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. माझ्याकडे पायाने चालणारे जुने उषा मशीन आहे, ते सरळ शिलाई घालते आणि तेवढी पुरते. बटणांची काजे मी गल्लीतल्या काजवाल्याकडून करून आणते. खरी गुंतवणूक इस्त्रीत करावी. कोटाचे निम्मे काम इस्त्रीचे असते हे मास्तर सतत बजावत असत आणि ते अक्षरशः खरे आहे. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा सुमारे सव्वा इंच मोठा बेतलेला असतो. ते जास्तीचे कापड चुण्या न पाडता आत सामावून घ्यायचे असते. लोकरीचा धागा ओल्या वाफेने आटतो, म्हणून लाकडाचा भुसा ठासून भरलेल्या गोल उशीवर बाहीचा माथा ठेवून, वाफ देऊन, ते कापड हळूहळू जिरवता येते. मग लाकडी ठोकळ्याने दाबून गार होईपर्यंत थांबायचे. सुती किंवा पॉलिएस्टर कापड असे जिरत नाही. त्यासाठी माथाच कमी फुगीर बेतावा लागतो.

आपल्या हवेत ब्लेझर घालायचा कधी, हाही प्रश्न योग्य आहे. पुण्यात थंडीचे दोन-अडीच महिने सोडले, तर पूर्ण अस्तराचा लोकरी कोट सोसवत नाही. त्यातही पॉलिएस्टरचे अस्तर घाम शोषत नाही, तो अंगावरच राहतो. म्हणून माझे निम्म्याहून अधिक कोट पातळ लोकरीचे किंवा लिननचे आहेत, अस्तर फक्त बाह्यांना आणि पाठीच्या वरच्या भागाला, तेही व्हिस्कोसचे, आणि खांद्यात पॅड नाही. अस्तर कमी असले, की आतल्या सगळ्या शिवणी उघड्या दिसतात, त्यामुळे प्रत्येक शिवणीच्या कडेला पट्टी लावावी लागते आणि काम कमी होण्याऐवजी वाढते. तरीही एप्रिलमध्ये सभागृहात तीन तास बसून पाठ कोरडी राहते.

ज्यांना स्वतः सुरुवात करायची आहे त्यांनी चौकड्यांच्या कापडापासून दूर राहावे, कारण खिसा, बाही आणि पाठ या तिन्ही ठिकाणी चौकडे जुळवणे हे तिसऱ्या-चौथ्या कोटाचे काम आहे. फिक्या रंगापेक्षा मध्यम गडद, किंचित खरखरीत लोकरी कापड घ्यावे. ते टाके लपवते आणि इस्त्रीचे ऐकते. पाठीच्या मधल्या शिवणीत आणि बाजूंच्या शिवणींत एक-एक इंच माया ठेवावी, म्हणजे पुढे अंग भरले तरी कोट उसवून सैल करता येतो. आणि मापे घेताना खांद्याचे माप एकाच बाजूचे घेऊन थांबू नये. मानेच्या मणक्यापासून दोन्ही खांद्यांच्या टोकांपर्यंत, आणि तेथून सरळ जमिनीपर्यंत, अशी दोन्हीकडची चार मापे वेगवेगळी लिहून काढावीत. मी आतापर्यंत घरच्या आणि मैत्रिणींच्या मिळून अकरा जणांची अशी मापे घेतली आहेत. दोन्ही खांदे अगदी समान असलेले त्यांत एकही निघाले नाही.